पुस्तकी किंमत एक रुपया

बँकेच्या नोकरीत कर्जमागणीच्या प्रकरणांबरोबर कारखान्यांतील यंत्रांच्या याद्या माझ्या नजरेखालून जात. खरेदीचे वर्ष, मूळ किंमत, आजवरचा घसारा आणि शेवटच्या रकान्यात पुस्तकी किंमत. ज्या यंत्राचा घसारा पूर्ण झाला आहे, पण जे अद्याप भंगारात गेलेले नाही, ते वहीतून नाहीसे होऊ नये म्हणून त्याच्यापुढे एक रुपया लिहिण्याची प्रथा आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पेढीच्या ताळेबंदात असे एखादे एक रुपयाचे यंत्र असेलच. मी चौतीस वर्षे अशा नोंदी तपासल्या, त्यांवर टिकमार्क केली आणि पुढच्या ओळीकडे वळलो. त्या एका रुपयामागे काय उभे असते, हे मात्र निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा, शेजारच्या गॅरेजमध्ये पाहावयास मिळाले.

मुलीचे घर विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराच्या पश्चिमेस आहे. पूर्वेला समुद्रासारखे पसरलेले मिशिगन सरोवर आणि पश्चिमेकडे जावे तितकी लहान-मोठी तळी. हिवाळ्यात ती गोठतात. मे महिना उजाडला की लोक गॅरेजची दारे उघडतात आणि होड्या बाहेर काढतात. शेजारचे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटेच राहणारे. त्यांच्या गॅरेजमध्ये लाकडी घोडीवर एक निळे यंत्र उभे होते. वर गोलसर डोके, खाली लांब मान आणि मानेच्या टोकाला छोटा पंखा. मी थबकून पाहतो आहे हे पाहून त्यांनी हाताने आत बोलावले. सहा आठवडे मी रोज तिथे जाईन, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. घरातला साधा फ्यूजही मी आयुष्यात कधी बदललेला नाही.

ते यंत्र म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची मोटर, तिकडच्या भाषेत आऊटबोर्ड. एव्हिनरूड कंपनीची, लाइटविन नावाची, तीन हॉर्सपॉवरची, १९५० च्या दशकातली. वजन साधारण पंधरा किलो, म्हणजे धडधाकट माणसाने एका हाताने उचलावे इतकेच. इंजिन, पेट्रोलची टाकी, पंखा आणि सुकाणू एकाच दांड्यावर बसवलेले. दोन स्क्रू आवळले की होडी चालू, सैल केले की मोटर घरात. शेजाऱ्यांचे वडील मिलवॉकीतच एव्हिनरूडच्या कारखान्यात कामाला होते. आपल्याच हातांखालून गेलेल्या मोटरींपैकी एक त्यांनी विकत घेतली होती. वडील गेल्यावर ती तीसेक वर्षे तळघरात पडून होती.

या कंपनीची जन्मकथा व्यापारी घरांनी ऐकावी अशी आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. ओले एव्हिनरूड हा १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणी आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आलेला कारागीर. (नाव मराठी कानाला गमतीचे वाटेल, पण पाण्याशी त्याचे नाते पुढेच जुळायचे होते.) १९०६ च्या उन्हाळ्यात ओकॉची नावाच्या तळ्यावर सहलीला गेले असता बेस नावाच्या त्याच्या वाग्दत्त वधूला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारीत पैलतीरी गेला, आइस्क्रीम घेऊन परतला, तोवर त्याचे पाणी झाले होते. त्या दिवशी होडीला मोटर लावण्याचे त्याच्या मनाने घेतले, अशी कथा सांगितली जाते. होडीमागे मोटर लावणारा तो पहिलाच नव्हे. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने त्याच्याआधीच तशी मोटर करून विकायला काढली होती. परंतु १९०९ मध्ये ओलेने बाजारात आणलेली मोटर सामान्य माणसाच्या भरवशाची ठरली. दीड हॉर्सपॉवर, वजन बासष्ट पौंड आणि किंमतही बासष्ट डॉलर!

मोटर ओलेची, पण धंदा उभा केला तो बेसने. तिचे व्यापारी शिक्षण झालेले होते. हिशेब, पत्रव्यवहार, मालाच्या ऑर्डरी, सगळे तिच्याकडे. वल्ही फेकून द्या आणि एव्हिनरूड लावा, अशा अर्थाची जाहिरात तिने लिहिली आणि मागणीचा ओघ सुरू झाला. १९११ साली पेटंट मिळाले. भांडवलासाठी ख्रिस मायर नावाचा भागीदार आला. पुढे बेसची प्रकृती ढासळली, तेव्हा १९१४ मध्ये ओलेने आपला हिस्सा या भागीदाराला विकला आणि पाच वर्षे या धंद्यात न उतरण्याचा करार लिहून दिला. स्वतःचे नाव असलेल्या कंपनीतून पत्नीच्या तब्येतीसाठी बाहेर पडलेला हा माणूस पाच वर्षे कुटुंबासह हिंडला. पण डोके थांबले नाही. करार संपल्यावर त्याने ॲल्युमिनियमची, दोन सिलिंडरची, पुष्कळ हलकी मोटर तयार केली आणि रीतीप्रमाणे आधी जुन्या भागीदाराकडे नेली. भागीदाराने ती नाकारली. मग १९२१ मध्ये पतिपत्नींनी ‘एल्टो’ नावाने नवी कंपनी काढली आणि जुनीशी स्पर्धा मांडली. १९२९ मध्ये विलीनीकरण होऊन ओले पुन्हा एकत्रित कंपनीचा प्रमुख झाला. बेस १९३३ मध्ये गेली, ओले त्याच्या पुढच्याच वर्षी. मुलगा राल्फ याने धुरा घेतली, प्रतिस्पर्धी जॉन्सन कंपनीही त्यांच्यात आली आणि पुढे आऊटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन हे नाव जगभर झाले. डिसेंबर २००० मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. एव्हिनरूड हे नाव दुसऱ्यांच्या हाती काही वर्षे चालले आणि २०२० मध्ये त्या नावाच्या मोटरींचे उत्पादन कायमचे थांबले.

म्हणजे गॅरेजमधल्या त्या निळ्या मोटरीचा निर्माता नाही, कंपनी नाही, कारखाना नाही. बँकेच्या भाषेत मूल्य शून्य. तरी ती चालू करायची असे शेजाऱ्यांनी ठरवले होते. अडचण एकच होती. हात स्थिर होते, पण डोळ्यांतील दोषामुळे त्यांना बारीक काही दिसत नव्हते. माझे डोळे शाबूत, हात अडाणी. दोघांत मिळून एक कारागीर पुरा होईल, असे ते म्हणाले. मुदत मी घातली. आषाढ शुद्ध चौदशीला चातुर्मास बसला की अनावश्यक प्रवास आणि पाण्यावरचे फिरणे मी वर्ज्य करतो. त्याच्या आत मोटर पाण्यात उतरली, तर मी बरोबर येईन, नाही तर काठावरून पाहीन.

आपल्या घरी बजाज किंवा लॅम्ब्रेटा स्कूटर होती, त्यांना या कामाची ओळख सांगायला नको. जातकुळी तीच, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे. स्कूटर रुसली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, पॉइंटमधून पत्ता फिरवायचा, हे वडील-काकांना करताना आपण पाहिले आहे. मी पाहिले होते, केले नव्हते. पहिल्या दिवशी दोरी ओढून पाहिली. इंजिन फिरत होते, अडकलेले नव्हते. ही अर्धी लढाई जिंकल्यासारखी. मग दोन्ही सिलिंडरचा दाब मोजला. आकडा किती यापेक्षा दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असणे महत्त्वाचे, हे तिथे कळले. दोन भागीदारांपैकी एकच ओढत असेल, तर पेढी चालते, पण थरथरत.

ठिणगी मात्र नव्हती. डोक्यावरचे जड चाक, फ्लायव्हील, काढावे लागले. ते निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. हातोडा मारणे किंवा कडेला पकड लावून खेचणे म्हणजे नाश. त्यासाठी मधल्या तीन छिद्रांत बोल्ट घालून सरळ वर उचलणारा पुलर लागतो. दोन दिवस त्यावर झिरपणारे तेल टाकत राहिलो, तिसऱ्या दिवशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि ते सुटले. खाली दोन कॉईल, दोन पॉइंट आणि दोन कंडेन्सर. कॉईलवरचे आवरण दुष्काळातल्या जमिनीसारखे भेगाळलेले. त्या दशकातल्या या कंपनीच्या मोटरींचे हे ठरलेले दुखणे आहे. वापरा अथवा न वापरा, आवरण तडकते आणि वीज भलतीकडे पळते. आश्चर्य असे की कंपनी बुडूनही याच मापाच्या नव्या कॉईल आज बनतात आणि टपालाने घरपोच येतात. लाखो मोटरींत भाग सामाईक ठेवले गेले, त्याचे हे फळ. जुने यंत्र दुरुस्त होईल की नाही, हे त्याच्या वयावर नव्हे, तर त्याची भावंडे किती जन्मली यावर ठरते.

पॉइंटमधले अंतर एक इंचाच्या हजारांश वीस भाग, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ते माझ्या डोळ्यांचे काम. पत्ता आत सरकावा, पण किंचित घासून सरकावा. मी स्क्रू आवळला की अंतर बदले, सैल केला की पुन्हा बदले. एका संध्याकाळी हे अकरा वेळा झाले. मुलीच्या घरातून हाक आली, कारण चौविहाराची वेळ. जूनमध्ये तिकडे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, तरी आमची जेवणे त्याआधी उरकावी लागत. पुढे पुढे शेजारीच घड्याळ पाहून मला घरी पिटाळू लागले. अकराव्या वेळी जे बसले, ते मी आजही विसरलो नाही. दोन्ही प्लगच्या टोकांना निळी ठिणगी कडाडली.

कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा मध झालेला. आतला तरंगता तुकडा बुचाच्या लाकडाचा, त्यावर लाखेसारखा लेप. आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हा लेप विरघळवते आणि जुने रबर फुगवते. म्हणून तिकडे या मोटरींसाठी इथेनॉलविरहित पेट्रोल वेगळे मिळते, ते आम्ही आणले. आपल्याकडे आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. ज्यांच्या गोदामात वडिलांची स्कूटर ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी ती सुरू करण्यापूर्वी टाकी रिकामी करून पेट्रोलची नळी आणि रबरी वायसर एकदा पाहून घ्यावेत, ही विनंती.

खालच्या पेटीतले गिअरचे तेल दुधासारखे पांढरे निघाले. पाणी आत शिरत असल्याची ती खूण, सील बदलले. पाणी वर चढवून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातील रबरी पाती तीस वर्षे एकाच बाजूस वाकून तशीच ताठरली होती, तीही बदलली. पंख्याजवळ एक खिळ्याएवढी पिन असते. पंखा दगडावर आदळला, तर ती मोडते आणि गिअर वाचतात. स्वतः मोडण्यासाठीच बनवलेला हा भाग मला फार आवडला. जामीनदार कसा असावा, हे कर्जदारांना समजावताना मला तेव्हा हे उदाहरण ठाऊक असते तर!

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. कार्ब्युरेटर धुण्याच्या द्रवाने भिजलेले फडके माझ्या हातात होते. शेजारी आत पाणी आणायला गेले होते. मोटरीचे निळे झाकण बाकावर पडले होते, त्यावर तेलाचा काळा थर. आपण एवढे तरी चकचकीत करून ठेवू, अशा उत्साहात मी ते पुसले. थर निघाला आणि त्याबरोबर त्यावरचे मूळ नाव. ‘लाइटविन’ या अक्षरांतील अर्धी अक्षरे फडक्यावर आली. ती अक्षरे रंगाने लिहिलेली नव्हती. कारखान्यात चिकटवलेला तो पातळ छाप होता, वडिलांच्या काळातला.

शेजारी परत आले. डोळे मंद असले, तरी त्यांना ते दिसले. झाकणावरून त्यांनी बोट फिरवले, जिथे अक्षरे होती तिथे थांबवले. काही बोलले नाहीत. ‘उद्या पुढचे करू,’ एवढेच म्हणाले. मी घरी येऊन जेवलो नाही.

जुन्या मोटरींच्या जगात या प्रश्नावर दोन पंथ आहेत. अँटिक आऊटबोर्ड मोटर क्लब या तिकडच्या छंदिष्टांच्या संस्थेचे मेळावे भरतात, तळ्याकाठी जुन्या मोटरी चालवल्या जातात आणि सुटे भाग विकले, बदलले जातात. तिथे एकीकडे आरशासारख्या रंगवलेल्या, नवे छाप चिकटवलेल्या मोटरी दिसतात, तर दुसरीकडे ओरखडे, डाग, झिजलेला रंग तसाच राखून केवळ आतून ठीक केलेल्या. दुसऱ्या पंथाचे म्हणणे असे की मूळ रंग एकदाच मूळ असतो. नवा केव्हाही देता येतो, जुना परत आणता येत नाही. मला तेव्हा कोणताच पंथ ठाऊक नव्हता. इंटरनेटवर शोधून मी हुबेहूब नवा छाप मागवला आणि क्षमायाचना करीत त्यांच्यापुढे ठेवला. आपल्याकडे संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, त्याचा अर्थही मोडक्या इंग्रजीत सांगितला. त्यांनी तो छाप पाकिटासह खणात ठेवला. झाकण मात्र होते तसेच, अर्धे पुसलेले, बसवले. वडिलांनी मोटर नवी असताना पहिल्याच दिवशी धक्क्यावर आपटून मागचा कोपरा चेपला होता, तो दाखवून ते म्हणाले, ‘हा त्यांचा, तो तुमचा.’

एक गोष्ट टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. या मोटरी तिकडे बहुतांशी मासे पकडायला जाणाऱ्यांनी वापरल्या. शेजाऱ्यांचे वडीलही त्यांतलेच. शिवाय जुनी टू-स्ट्रोक मोटर पेट्रोल-तेलाचा बराच अंश न जाळता पाण्यात सोडते. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरील टाहो सरोवरावर १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरींवर बंदी आली, ती याच कारणाने. मी हे शेजाऱ्यांपाशी बोललो. त्यांनी वाद घातला नाही. गळ टाकणे आपण केव्हाच सोडले असून वर्षातून दोन-तीन तास मोटर चालवायची, एवढीच आपली इच्छा आहे, असे सांगितले. पिंपात पाणी भरून मोटर चालवून पाहिली, तेव्हा वर आलेला तेलाचा तवंग त्यांनी शोषक कापडाने टिपून घेतला. अप्काय जीवांचा विचार करणाऱ्या माझ्या मनाचे यातून पूर्ण समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. तरीही मी पुढे गेलो, हे खरे.

तेलाचे प्रमाण चोवीसास एक ठेवले. आजच्या मोटरींना पन्नासास एक पुरते, पण त्या काळच्या बेअरिंगना अधिक तेल लागते. काही अनुभवी लोक तर सोळास एकच घालतात. सुट्या भागांचा खर्च १६० डॉलरच्या घरात गेला. हा नमुना दुर्मिळ नाही, चालू स्थितीतही याहून फार काही मिळणार नाही. सवयीने मी तसे बोलून गेलो. ‘तुमची बँक कर्ज देणार नाही तर!’ ते म्हणाले.

चौदशीच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही पेवॉकीच्या जैन मंदिरात दर्शन घेतले आणि तेथून थोड्या अंतरावरील ओकॉची तळ्यावर गेलो. होय, आइस्क्रीमच्या कथेतील तेच तळे. जागा शेजाऱ्यांनी निवडली होती. लाकडी फळ्यांची त्यांची होडी दोन दिवस आधीच पाण्यात सोडून ठेवली होती, कारण वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्याशिवाय सांधे मिटत नाहीत. सौभाग्यवती काठावरच थांबल्या. होडीत शेजारी, मी आणि माझी अकरा वर्षांची नात, तिघेही लाइफ जॅकेट घालून. चौथ्या ओढीला मोटर फुरफुरली, सहाव्या ओढीला चालू झाली. निळा धूर, तोच जुन्या स्कूटरचा वास आणि शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज. शेजाऱ्यांनी दांडा नातीच्या हाती दिला आणि मोटरीकडे कान करून बसले.

तळ्याच्या मध्यावर गेलो आणि मोटर घरघरून बंद पडली. ठिणगी, पेट्रोल, पॉइंट, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी सेट केलेले अंतर हलले, याबद्दल माझी खात्री झाली. नात म्हणाली, ‘आजोबा, आता?’ होडीच्या तळाशी वल्ही होती. बेसची जाहिरात काहीही म्हणो, त्यांनी ती फेकलेली नव्हती. मी ती हातांत घेतली आणि आयुष्यात प्रथमच वल्हवू लागलो. होडी गोल फिरली. शेजाऱ्यांनी हात वाढवून टाकीचे झाकण चाचपले, त्यावरचा पितळी स्क्रू दोन फेरे सैल केला. हवा आत ओढल्याचा बारीक आवाज आला. टाकीला हवा मिळाली नाही की पेट्रोल खाली उतरत नाही. निघताना तो स्क्रू उघडण्याचे काम माझ्याकडे होते.

‘वडीलही हे विसरत,’ ते म्हणाले आणि दोरी नातीच्या हातात दिली.